सीतामाईचे कुशल

आपल्याकडे गावोगाव रामकथेचे सप्ताह होतात. पहिल्या दिवशी जन्माचा पाळणा, मग सीतास्वयंवर, वनवास, शबरी, सुंदरकांड, रावणवध आणि शेवटी राज्याभिषेक. त्या दिवशी फुले उधळली जातात, काला होतो, पंगती उठतात आणि मंडपवाले दोऱ्या सोडायला येतात. कथा संपली असे सगळे धरून चालतात. पण मंडपात मागे बसलेल्या आयाबहिणींना पक्के ठाऊक असते की कथा संपलेली नाही. सिंहासनावर बसलेली सीतामाई पुन्हा वनात जाणार आहे. या खेपेला ती एकटी आहे, गरोदर आहे, आणि तिला रावणाने नेलेले नाही. रामरायाच्या आज्ञेने लक्ष्मण तिला गंगेपलीकडे सोडून आला आहे.

हा भाग कीर्तनात फारसा येत नाही. कारण उघड आहे. ज्याच्या नामावर आपण दिवस काढतो, त्याच्याच हातून हे झाले, असे सांगताना जीभ अडते. ही शास्त्राची अडचण नव्हे, भक्ताची आहे. धन्याचे एखादे करणे दासाला सोसवत नसेल, तर दासाने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर मला नाचात सापडले. केरळातल्या कथकळीत ‘लवणासुरवध’ नावाचे आख्यान आहे. त्यातल्या एका प्रवेशाविषयी हा लेख आहे. वारकऱ्यांच्या मासिकात कथकळी कशाला, असे कोणी म्हणेल. पण नामदेवराय कीर्तनात नाचले, नाथांनी सोंगे घेऊन भारुडे उभी केली, आपल्या पावल्या, फुगड्या आणि रिंगणे पायांनीच होतात. देहाने केलेली भक्ती आपल्याला परकी नाही. दुसऱ्या प्रांतातल्या भाविकांनी तीच कथा देहाने कशी सांगितली, हे पाहण्यात आपले काही उणे होत नाही.

राज्याभिषेकापाशी आपणच तेवढे थांबतो असेही नाही. कथकळीचे मूळ रामनाट्टम. सतराव्या शतकात कोट्टारक्करा तंपुरान या राजाने रामकथा आठ भागांत रचली. पुत्रकामेष्टीपासून सुरुवात होऊन रावणवध आणि अभिषेक झाला की ती पुरी होते. केरळात कर्कटक महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, घरोघर एळुत्तच्छनांचे अध्यात्मरामायण वाचतात. तेही अभिषेकापर्यंत येऊन थांबते. मद्रासच्या कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी वाल्मीकींचे श्लोक घेऊन रामायणाची सहा नृत्यनाट्ये बसवली. १९५५ मध्ये ‘सीतास्वयंवरम्’ झाले, १९७० मध्ये ‘महापट्टाभिषेकम्’ झाले, आणि तिथे माळ पुरी झाली. आपल्या नाथांचे भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि पुढचे, उत्तरकांडासह, शिष्य गावबाने लिहिले, असे परंपरा सांगते. मोठमोठ्यांचे पाय या उंबऱ्याशी येऊन थांबलेले दिसतात.

काही विद्वान म्हणतात की उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे, तेव्हा ते सोडूनच द्यावे. वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. उत्तरकांड तिच्यातही आहे. ते मागाहून आलेले असेलही. पण लोकांच्या मनात ते असे मुरले आहे की विद्वानांनी काढले तरी निघणारे नाही.

जे उंबरा ओलांडतात, ते बहुधा दोन वाटांनी जातात. पहिली वाट वकिलीची. राजाला प्रजा आधी, घर मागून. रामाने स्वतःचे काळीज कापून दिले, असे आपण सांगतो. ते खोटे नाही. अध्यात्मरामायण त्याच्याही पुढे जाते. तिथे देवांची विनंती सीताच रामाला कळवते, आणि लोकापवाद हे वैकुंठगमनाचे निमित्त ठरते. सगळे आधी ठरलेलेच होते म्हटले की मनाला थंडावा वाटतो. पण मग वनातले ते रडणे कोणाचे? ठरवून केलेल्या गोष्टीसाठी वाल्मीकींच्या आश्रमातली मुले धावत जाऊन ऋषींना सांगतील का, की नदीकाठी कोणी स्त्री एकटी रडते आहे?

दुसरी वाट आरोपाची. अलीकडे रंगभूमीवर, नाचात आणि लेखनात रामाला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेतात. त्यांचा राग मला समजतो. तो बहुधा सीतेवरच्या प्रेमातून आलेला असतो आणि आजच्या घराघरांत टाकलेल्या बायका पाहून आलेला असतो. पण खटला चालू झाला की सगळे रामाविषयीच बोलू लागतात. वकील रामाविषयी बोलतो, फिर्यादीही रामाविषयीच बोलतो, आणि सीता पुन्हा एकदा कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहते.

आता कथकळीकडे येऊ. ‘लवणासुरवध’ हे आख्यान पालघाटच्या अमृतशास्त्रींनी एकोणिसाव्या शतकात रचले. रामाच्या अश्वमेधाचा घोडा वाल्मीकींच्या आश्रमाजवळ येतो, लव आणि कुश तो बांधतात, आणि त्याच्या शोधात हनुमान तिथे पोचतो. वाल्मीकींच्या मूळ रामायणात हा प्रसंग नाही. लवकुशांचे युद्ध पद्मपुराण आणि जैमिनीय अश्वमेध या वाटेने आले. मराठी श्रोत्यांना ते श्रीधरस्वामींच्या रामविजयामुळे माहीत आहे. तो ग्रंथ तर आपल्या पंढरीतच शके १६२५ मध्ये, म्हणजे इ.स. १७०३ मध्ये पुरा झाला. आपल्याकडे या प्रसंगात बालवीरांचा पराक्रम रंगतो. केरळच्या नटांनी मात्र त्यातला पराक्रम थोडक्यात आटोपला आणि हनुमान सीतेला भेटतो त्या क्षणावर ते थांबून राहिले.

कथकळीची रीत आपल्या श्रोत्यांना चटकन कळेल. नट बोलत नाही. त्याच्या मागे दोघे गवई उभे राहून पद म्हणतात. मुख्य गवयाच्या हाती थाळीसारखी घंटा असते, दुसऱ्याच्या हाती झांजा. आपल्या कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात, तशीच ही मांडणी. चेंडा आणि मद्दळम् ही वाद्ये असतात, आणि स्त्रीपात्र रंगावर असले की चेंड्याऐवजी मवाळ आवाजाचा इडक्का वाजतो. समोर पितळी समई. गवई एक ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात, आणि तेवढ्या वेळात नट हातांच्या मुद्रांनी, डोळ्यांनी, भुवयांनी तिचा अर्थ उलगडतो. आम्ही अभंगाच्या एका चरणावर तासभर उभे राहतो, त्यातला आणि यातला फरक एवढाच की आमचे काम तोंडाने चालते. पद संपल्यावर नटाला मोकळीक असते. शब्दांवाचून तो स्वतःच्या मनाने प्रसंग वाढवतो. त्याला ते इळकियाट्टम म्हणतात. कीर्तनकाराची कसोटी जशी निरूपणात, तशी त्या नटाची कसोटी या मोकळिकीत.

हनुमानाचा वेष तिथे ‘पांढरी दाढी’ या नावाने ओळखला जातो. अंगात पांढरा लोकरी अंगरखा, डोक्यावर छत्रीसारखा मुकुट. कलामंडलम् रामन्‌कुट्टी नायर (१९२५–२०१३) हे हनुमानाच्या वेषासाठी फार नावाजलेले नट होते. स्त्रीवेष पूर्वापार पुरुषच घेत आले. कोट्टक्कल शिवरामन (१९३६–२०१०) यांनी त्या वेषाला जो मान मिळवून दिला, त्याने पुढच्या नटांची वाट सोपी झाली.

मी हा प्रवेश एकदाच पाहिला आहे, मुंबईत मल्याळी मंडळींच्या एका उत्सवात. भाषा येत नव्हती. अधूनमधून एखादा संस्कृत शब्द ओळखीचा लागे, बाकीचे शेजारचे गृहस्थ हळूच सांगत. पण अर्ध्या तासानंतर त्यांनी सांगणे सोडले आणि मी विचारणे सोडले.

हनुमान घोड्याच्या शोधात येतो आणि त्याला दोन मुले दिसतात. त्यांची तोंडे पाहून तो थबकतो. एकाची चाल ओळखीची वाटते, दुसऱ्याच्या डोळ्यांत कोणी दिसते. कोणाची मुले हे त्याला उमगते, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरी गोष्टही उमगते: ही इथे आहेत, म्हणजे त्यांची आईही इथेच असणार. मग तो मुलांशी खेळतो, वाकुल्या दाखवतो, खोटा मार खातो आणि शेवटी स्वतःला बांधून घेतो. लंकेत इंद्रजिताच्या ब्रह्मास्त्राने तो असाच बांधला गेला होता. तिथेही त्याने मनात आणले तरच तो बांधला जाणार होता, इथेही तसेच. मुले विजयाच्या तोऱ्यात आईला हाक मारतात, बघ आम्ही केवढे माकड धरून आणले.

सीता बाहेर येते. मी पाहिलेल्या प्रयोगात हनुमानाचे दोन्ही हात बांधलेले होते. कथकळीत हात म्हणजे वाणी. हात बांधले की नट मुका झाला. आपल्या हनुमंताला वाचेचे वरदान होते. त्याचे पहिले बोलणे ऐकून रामाने लक्ष्मणापाशी त्याच्या शुद्ध भाषेची वाखाणणी केली होती. तोच हनुमान आईसमोर मुका उभा होता, आणि त्याच्यापाशी डोळ्यांखेरीज काही उरले नव्हते. अष्टसात्त्विक भावांची नावे आपण ज्ञानेश्वरीच्या निरूपणात घेतो: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही हे आठ आहेत. त्या रात्री ती यादी मला एका माणसाच्या चेहऱ्यावर ओळीने वाचायला मिळाली.

सीता त्याला ओळखते, मुलांना रागावते, बंध सोडायला लावते. हनुमान लोटांगण घालतो. मग पद सुरू होते, आणि त्या पदात तो तिचे कुशल विचारतो. एवढेच. केरळात हे पद फार प्रसिद्ध आहे. विचारपूस साधी आहे, पाहुणा दारात आला की आपण करतो तशी. पण ती कोण कोणाला करतो आहे, ते पाहा. अशोकवनात याच सीतेपुढे हा उभा राहिला होता, तेव्हा त्याच्या हाती रामाची अंगठी होती. राम येईल, असे सांगण्याजोगे त्याच्यापाशी काही होते. माझ्या पाठीवर बस, तुला रामाकडे नेतो, असेही तो तेव्हा म्हणाला होता. आज हातात अंगठी नाही. तिला पाठीवर घेऊन जायचे तर न्यायचे कोणाकडे? ज्याच्याकडे न्यावे, त्यानेच तिला इथे पाठवले आहे.

या जागी हनुमानाला दोन गोष्टी करता आल्या असत्या. रामाची बाजू मांडता आली असती. त्याच्याइतका वक्ता कोण होता? किंवा रामावर रागावता आले असते; त्याचा तेवढा अधिकार होता. तो दोन्ही करत नाही. धन्याची सेवा सोडत नाही, घोड्याचे काम विसरत नाही. आणि आईपुढे धन्याच्या वतीने एक शब्द बोलत नाही. तू कशी आहेस, एवढे विचारतो आणि ऐकत बसतो. मघा मी विचारले की धन्याचे करणे सोसवत नसेल तर दासाने काय करावे. या नटांनी दिलेले उत्तर हे: ज्याला दुखले आहे त्याच्याजवळ जाऊन बसावे. देवाला आपल्या वकिलीची गरज नाही. सीतेला मात्र कोणीतरी कुशल विचारण्याची गरज आहे.

नवविधा भक्तीत दास्याचे उदाहरण म्हणून आपण मारुतीरायाचे नाव घेतो. दास्य म्हणजे सांगितले ते काम बिनबोभाट करणे, असा अर्थ सहज केला जातो. या प्रवेशाने त्या अर्थात भर घातली असे मी म्हणेन. राम आणि सीता दोन नाहीत, हे तर आपण रोज म्हणतो. मग रामाचा दास तो सीतेचाही दास. एकाच्या आज्ञेत राहून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवली तर ते दास्य अर्धेच राहिले. हनुमान ते पुरे करतो.

इथे एक शंका येईल. मुळात नसलेला प्रसंग नटांनी वाढवला, हे कितपत योग्य? त्याला उत्तर असे. संतांनीही मुळातल्या कथांना आपल्या भावाने रूप दिले, नाथांनी रामायणाला नावच भावार्थरामायण दिले. प्रश्न वाढवण्याचा नाही, वाढवून काय केले याचा आहे. नवा अर्थ लावणारा जर कथेतल्या एखाद्या पात्रात शिरायलाच तयार नसेल, त्याला फक्त दोष द्यायला किंवा फक्त झाकायला उभे करत असेल, तर तो अर्थ कथेतून निघालेला नाही, बाहेरून चिकटवलेला आहे. या प्रवेशात राम समोर नसतो. पण हनुमानाच्या डोळ्यांत तो सतत असतो, आणि तोही दुःखी असतो. कोणाला हीन न करता सीतेचे दुःख पुरे दाखवता येते, हे या प्रवेशाने सिद्ध केले. म्हणून मी त्याला अधिकारी म्हणतो.

गुण सांगितले, तसे उणेही सांगितले पाहिजे. आता रात्रभराच्या खेळांपेक्षा दोन-तीन तासांचे प्रयोग जास्त होतात, आणि त्यात मुलांबरोबरची मर्कटलीला लांबवून हशा पिकवण्याचा मोह नटांना होतो. हसणे हवेच, त्यावाचून पुढचे अश्रू खरे वाटत नाहीत. पण हशाची चटक लागली की भेट घाईत उरकते. मी पाहिलेल्या प्रयोगातही खेळ थोडा जास्त झाला होता. आमच्या व्यवसायातही दृष्टांताला टाळ्या पडू लागल्या की अभंग मागे राहतो, हे वाचकांनी पाहिलेच आहे.

दुसरे उणे जास्त खोल आहे. हा प्रवेश शेवटी हनुमानाचा आहे. सीता क्षमाशील आहे, प्रेमळ आहे, सर्वांची चौकशी करते. पण तिच्या मनाचा तळ कुशल विचारणाऱ्याच्या डोळ्यांतूनच दिसतो. ती स्वतः काय म्हणते, ते ऐकायचे तर दुसरीकडे जावे लागते. केरळातच मार्गी सती (१९६५–२०१५) या कलावतीने नंगियारकूत्त या स्त्रियांच्या एकपात्री मंदिरकलेत रामचरित सीतेच्या बाजूने रचले आणि स्वतः सादर केले. एकच स्त्री, मागे मिळावू नावाच्या मोठ्या तांब्याच्या घटाचा ठोका, आणि तीच सीता, तीच राम, तीच लक्ष्मण. ज्याचा त्याचा भाव ज्याच्या त्याच्या जागी उभा करायचा, ही त्या कलेची अटच आहे.

आणि आपल्याला तर एवढे दूरही जायला नको. आपल्या आयांनी जात्यावर पहाटे सीतामाईचा दुसरा वनवास पिढ्यान् पिढ्या गायला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. त्या ओव्यांत सीता रानात रडते तेव्हा तिची समजूत घालायला बोरी आणि बाभळी बायका होऊन उभ्या राहतात. पाहा, काटेरी झाडे, ज्यांना कोणी परड्यात लावत नाही, ती तिच्या सोबतीला. केरळात हनुमान, इथे बोरी-बाभळी. दोन्हीकडे लोकांच्या मनात एकच काळजी होती की सीता एकटी होती तेव्हा तिच्याजवळ कोण होते. राम बरोबर की चूक, याचा निवाडा त्या जात्यावरच्या बाईने केला नाही. तिने सीतेला एकटे राहू दिले नाही. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचे देऊळ आहे. तिथल्या लोकांची गोष्ट अशी की बाळंत सीतेने गावात पसाभर गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, म्हणून गावात गहू पिकेनासा झाला. कुशल न विचारणाऱ्या गावाची ही आठवण गावानेच जपली आहे.

जे काम आयांनी ओव्यांत केले आणि नटांनी मुद्रांत केले, ते कीर्तनाच्या गादीवर व्हायला काय हरकत आहे? रामकथा पहिल्यांदा जाहीरपणे गायली कोणी? लवकुशांनी. अश्वमेधाच्या मंडपात, प्रत्यक्ष रामरायासमोर, वीणेच्या साथीवर. आम्हा कीर्तनकारांचे ते मूळपुरुष. ज्या आईच्या मुलांनी रामकथा जगाला दिली, तिची कथा मात्र अभिषेकाच्या गुलालात झाकून टाकायची, हे आपल्याला शोभत नाही. शिवाय, जोवर रामकथा चालेल तोवर मी पृथ्वीवर राहीन, हा हनुमंताचा वर. तो श्रोत्यांत बसला आहे अशी आपली श्रद्धा आहे. त्याला अभिषेकाचा आनंद हवा आहे, तशी त्याच्या आईची खबरही हवी आहे.

माझी सप्ताह करणाऱ्या मंडळींना आणि तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. काल्याच्या आधी एक घटका राखून ठेवा. त्या घटकेत सीतामाईचा दुसरा वनवास सांगा. रामाची वकिली करू नका, रामावर फिर्याद करू नका. वाल्मीकींच्या आश्रमाच्या दारात उभे राहा आणि मारुतीरायाने विचारले तसे सीतेचे कुशल विचारा. मग मागे बसलेल्या आयाबहिणींकडे पाहा. त्यांच्यातल्या कितीजणींना असे कोणी विचारलेले नसते. त्यांचे डोळे पुसून झाले की काल्याची दहीहंडी फोडा.

रामकृष्णहरी.